काडतुसांची पार्सल वाहतूक (अमेरिका)

अमेरिकेत बंदुकीची किंवा पिस्तुलाची जिवंत काडतुसे एका खासगी व्यक्तीने दुसरीला विकून पार्सलने पाठवणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध नाही. विक्रीवर असलेल्या केंद्रीय अटीही मोजक्याच आहेत. खरी बंधने येतात ती वाहतुकीचे नियम, पार्सल कंपन्या आणि राज्यांचे कायदे यांच्याकडून.

ही मोकळीक सलग चालत आलेली नाही. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर झाडलेली रायफल टपालाने मागवलेली होती. पुढे 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी गन कंट्रोल ॲक्ट आला. बंदुकांबरोबर काडतुसांचीही परराज्यात टपाली विक्री बंद झाली आणि दुकानदाराला गिऱ्हाइकांची नोंद ठेवावी लागू लागली. 1986 च्या कायद्याने काडतुसांपुरते हे जोखड काढले. नुसती काडतुसे विकणाऱ्याला तेव्हापासून केंद्रीय परवाना लागत नाही; उत्पादक आणि आयातदार यांना लागतो. खासगी विक्रेत्यालाही दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. घेणारा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला किंवा अन्य कारणाने बंदी असलेला आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, त्याला विकता येत नाही. आणि 18 वर्षांखालच्या मुलाला पिस्तुलाची काडतुसे विकता येत नाहीत.

सरकारी टपाल खाते काडतुसे मुळीच स्वीकारत नाही. उरतो खासगी पार्सल कंपन्यांचा रस्तेमार्ग. परराज्यातील बिनपरवाना व्यक्तीला पाठवताना पेटीत काडतुसे असल्याची लेखी सूचना वाहतूकदाराला देणे केंद्रीय कायद्याने सक्तीचे आहे; सामान्य सामान म्हणून गुपचूप सोपवणे हा गुन्हा ठरतो.

वाहतुकीच्या वर्गीकरणात काडतुसे स्फोटकांतच मोडतात, पण 1.4एस या सर्वांत सौम्य गटात. पेटीला आग लागली तरी परिणाम बहुतांशी पेटीपुरताच राहावा, ही या गटाची अट. बंदुकीच्या नळीत कोंडलेले नसले तर काडतूस पेटल्यावर कवच फाटते, गोळीला मात्र नेहमीचा वेग मिळत नाही. म्हणूनच त्यांना ‘मर्यादित प्रमाण’ ही, धोकादायक मालाचे नियम सैल करणारी सवलत मिळते. अटी सोप्या: रायफल-पिस्तुलासाठी कमाल 12.7 मिमी व्यास, आतली काडतुसे खोक्यांत, घट्ट बसणाऱ्या कप्प्यांत किंवा धातूच्या क्लिपांत, प्राइमरला (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीला) धक्का लागणार नाही अशी मांडणी, बाहेरची पेटी मजबूत आणि एकूण वजन 30 किलोपर्यंत. पेटीवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापतात. त्याचे वरचे व खालचे टोक काळे, मध्य पांढरा. 2020 अखेरपर्यंत त्याऐवजी ‘ओआरएम-डी’ हे जुने लेबल चालत असे. जुन्या खोक्यांवर ते अजून दिसते आणि नव्या विक्रेत्याची फसगत करते. नुसती बंदुकीची दारू किंवा सुटे प्राइमर या सवलतीत बसत नाहीत.

कायदा सैल असला तरी कंपन्यांची नियमावली अनेकदा त्याहून कडक असते. काही कंपन्या करार केलेल्या व्यावसायिकांचाच माल घेतात, आणि पार्सल-पेटीत टाकून मोकळे होण्याची सोय नसते. नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे कंपनीचा चालू नियम पाहिल्याशिवाय विक्री ठरवणे हा उतावळेपणाच.

पत्त्याचे राज्यही बघावे लागते. कॅलिफोर्नियात 2018 पासून विक्री परवानाधारक दुकानामार्फत समोरासमोर होते आणि 1 जुलै 2019 पासून घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासली जाते. ही तपासणी घटनाबाह्य असल्याचा निकाल जिल्हा न्यायालयाने 2024 मध्ये दिला आणि वाद अपिलात गेला. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023 मध्ये काडतुसांसाठी अशीच तपासणी सुरू केली. इलिनॉयमध्ये बंदूक बाळगणाऱ्याचे राज्य ओळखपत्र लागते.

भारतात यातले फारसे काही लागू नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बाळगायलाच परवाना लागतो. खासगी परवानाधारकाला स्वतःजवळची काडतुसे पात्र व्यक्तीला विकता येतात, पण जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस उलटल्यावरच. अमेरिकेहून येणाऱ्यांनी नेमबाजीला नेलेली बॅग तपासून घ्यावी हे बरे: तळाशी राहिलेले एखादे काडतूसही विमानतळावर गुन्हा नोंदवायला पुरते. ते आपल्याजवळ आहे याची जाणीव प्रवाशाला होती का, हा प्रश्न मग न्यायालयात निकाली निघतो.