श्टोसबान

श्टोसबान ही स्वित्झर्लंडच्या श्वित्स प्रांतातील दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, म्हणजे फ्युनिक्युलर. मुओता नदीच्या खोऱ्यातून ती श्टोस या स्कीच्या गावी चढते. लांबी सुमारे १,७४० मीटर, चढाई ७४४ मीटर आणि सर्वांत तीव्र जागी चढ ११० टक्के. १७ डिसेंबर २०१७ पासून ती प्रवाशांसाठी सुरू झाली. दोन गाड्या एकमेकींना तोलून धरतात अशा रेल्वेंपैकी ही जगातील सर्वांत तीव्र चढाची मानली जाते. ऑस्ट्रेलियातील कटूम्बा येथील रेल्वेचा उतार याहून अधिक आहे, पण तिथे एकच गाडी असते आणि ती यंत्राने वरखाली ओढली जाते.

श्टोस समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर एका पठारावर वसले आहे. कायमची वस्ती जेमतेम १५० माणसांची. पाहुण्यांना गाडी घेऊन तिथे जाता येत नाही. एक तर मोर्शाख गावाकडून लोंबत्या केबल कारने यायचे, नाहीतर या रेल्वेने. त्यामुळे तिला केवळ पर्यटकांचे आकर्षण म्हणणे चुकीचे ठरेल. गावाचा खोऱ्याशी रोजचा संबंध तिच्यावर अवलंबून आहे. स्कीच्या हंगामात गर्दी पाहुण्यांची असते, पण हंगाम सरला तरी गावाला खोऱ्यात उतरावेच लागते.

फ्युनिक्युलरचे तत्त्व जुने आणि सोपे आहे. विहिरीवरच्या कप्पीला दोराच्या दोन टोकांना दोन पोहरे बांधावेत, तशा एकाच पोलादी दोराला दोन गाड्या जोडलेल्या असतात. एक उतरते तेव्हा दुसरी चढते. गाड्यांचे वजन परस्परांना तोलते आणि यंत्राला मुख्यतः प्रवाशांच्या भारातील फरक, दोराचे वजन आणि घर्षण यांचाच सामना करावा लागतो. दोर तुटलाच तर गाडीवरचे ब्रेक थेट रूळ पकडतात. वाट बहुतेक एकेरी असते, फक्त मधोमध रूळ दुभंगतात आणि गाड्या एकमेकींना ओलांडतात. या जागी रूळ बदलणारे हलते सांधे लागत नाहीत. प्रत्येक गाडीच्या एका बाजूच्या चाकांना आत-बाहेर दोन्हीकडे कडा असतात, दुसऱ्या बाजूची चाके रुंद आणि सपाट असतात. दोन गाड्यांत ही रचना उलटसुलट केलेली असल्याने प्रत्येक गाडी आपोआप आपल्याच बाजूला वळते. कार्ल रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची ही युक्ती १८७९ मध्ये ब्रिएन्त्स सरोवराकाठच्या गीसबाखबानवर प्रथम वापरली गेली. नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेली ट्रॉलीही फ्युनिक्युलरच आहे.

११० टक्के चढ म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात ११० मीटर चढाई, अंशांत सुमारे ४७.७. तुलनेसाठी, बोरघाटातील रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. दातेरी रुळांच्या रेल्वेंत सर्वांत तीव्र असलेली पिलाटुसबान ४८ टक्क्यांवर थांबते.

तरीही श्टोसबानचे खरे कौशल्य तीव्रतेत नाही, चढ सतत बदलत जाण्यात आहे. एकूण वाटेचा सरासरी चढ ४७ टक्क्यांच्या आसपास भरतो, म्हणजे काही भाग बराच सौम्य आहे आणि मग अचानक कडा लागतो. जुन्या फ्युनिक्युलरमध्ये डब्यातील जमीन पायऱ्यापायऱ्यांची असे. उतार सर्वत्र सारखा असेल तर हे चालते, इथे ते निभले नसते. म्हणून प्रत्येक गाडीत ढोलाच्या आकाराच्या चार कोठड्या एकामागे एक बसवल्या आहेत. उतार बदलेल तशा त्या आपल्या चौकटीत फिरतात आणि प्रवाशाच्या पायाखालची जमीन आडवीच राहते. एका कोठडीत ३४ माणसे मावतात, गाडीत १३६. सेकंदाला १० मीटर वेगाने प्रवास काही मिनिटांत संपतो. हातात स्की आणि पायात जड बूट असलेल्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला सपाट जमीन किती मोलाची आहे, हे पायऱ्यांच्या डब्यातून गेलेल्यांना चांगले कळेल.

या वाटेवर तीन बोगदे आहेत. आधीची रेल्वे १९३३ पासून खोऱ्यातील श्लाट्लीहून धावत होती. तिचा चढ सुमारे ७८ टक्के होता. नव्या रेल्वेचे प्रत्यक्ष काम २०१३ मध्ये सुरू झाले. आखणी धरून सगळ्याला सुमारे १४ वर्षे लागली आणि ५ कोटी २० लाख स्विस फ्रँक खर्च आला. दोरवाटा बांधणाऱ्या गारावेन्टा या स्विस कंपनीने ती उभारली. उद्घाटन २०१७ च्या स्विस राष्ट्राध्यक्ष डोरिस लॉयटहार्ड यांनी केले. तोवर देशातील सर्वांत तीव्र फ्युनिक्युलरचा मान १०६ टक्के चढाच्या गेल्मरबानकडे होता. ती धरणाच्या बांधकामासाठी घातलेली रेल्वे पुढे पर्यटकांना खुली झाली.

आल्प्समध्ये स्कीसाठी फ्युनिक्युलर बांधण्याची परंपरा दावोसच्या पार्सेनबानपासून, १९३० च्या दशकाच्या आरंभापासून दिसते. पुढे अशा रेल्वे डोंगराच्या पोटात शिरल्या. झेरमाटची सुनेगा रेल्वे (१९८०), सास-फेची मेट्रो आल्पिन (१९८४) आणि फ्रान्समधील तीन्येची पेर्स-नेज (१९९३) या बोगद्यातून जातात. सोसाट्याच्या वाऱ्यात केबल कार थांबवाव्या लागतात, बोगद्यातील गाडी मात्र चालू राहते.

या सोयीची भीषण बाजू ऑस्ट्रियात काप्रुन येथे ११ नोव्हेंबर २००० रोजी समोर आली. हिमनदीवर स्कीला निघालेल्या लोकांच्या गाडीत, मागच्या रिकाम्या चालककक्षातील हीटरपाशी आग लागली. गळलेल्या हायड्रॉलिक तेलाने तिने पेट घेतला. तीव्र चढाच्या बोगद्यात धूर धुरांड्यातल्यासारखा वर ओढला गेला, त्यामुळे वर पळालेले कोणीही वाचले नाही. आगीला वळसा घालून खाली उतरलेले बारा जण तेवढे जगले. एकूण १५५ माणसे मेली. २००४ मध्ये न्यायालयाने सर्व १६ आरोपींना निर्दोष सोडले. ती रेल्वे पुन्हा प्रवाशांसाठी सुरू झाली नाही. प्रवासी डब्यात आग लागल्यास माणसांनी कुठून बाहेर पडायचे, हा प्रश्न बोगद्यातील कुठल्याही डोंगरी रेल्वेच्या आराखड्यात आधी सोडवायला हवा, आणि काप्रुनला तो सुटलेला नव्हता.

श्टोसहून पुढे खुर्चीच्या दोरवाटांनी १,९२२ मीटर उंचीच्या फ्रोनाल्पश्टॉकवर आणि १,९३५ मीटर उंचीच्या क्लिंगेनश्टॉकवर जाता येते. हिवाळ्यात हेच स्कीचे उतार. बर्फ वितळल्यावर या दोन शिखरांना जोडणारी धारेवरची पायवाट गिर्यारोहकांनी भरते, तिथून खाली फिअरवाल्डश्टेटर सरोवर, म्हणजे लुसर्न सरोवर, दिसते.