दुर्बीण फोकस होत नाही? परत पाठवण्याआधी एवढे करून पाहा

हे माहितीपत्रक आमच्या ७०/७०० दुर्बिणीसाठी आहे. तिचे पुढचे भिंग ७० मिमी, नाभीय अंतर (भिंगापासून चित्र जुळते तिथपर्यंतचे) ७०० मिमी. सोबत २५ आणि १० मिमीच्या नेत्रिका (डोळा लावायची भिंगे), ९० अंशांचा डायगोनल (प्रकाश वळवणारा जोड) आणि ३ पट बार्लो (पट वाढवणारे जोडभिंग) मिळतो. ‘धूसर दिसते’ म्हणून परत आलेल्या बहुतेक दुर्बिणी चांगल्या असतात. खोट असते सुरुवातीत: पहिल्याच रात्री १० मिमीची नेत्रिका, त्यात बार्लो, आणि नेम थेट गुरूवर. असे करू नका. पहिला फोकस दिवसा लावा.

त्यासाठी किमान अर्धा किलोमीटर लांबचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी निवडा. सूर्य पाठीमागे हवा. दुर्बीण किंवा फाइंडर (नेम धरायचे वरचे छोटे साधन) सूर्याकडे वळला तर क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. समोरची इमारत चालणार नाही, कारण वस्तू जवळ असेल तितकी फोकसरची नळी (नॉब फिरवला की आत-बाहेर सरकते ती) जास्त बाहेर काढावी लागते. ५०० मीटरवरच्या टॉवरसाठी नळी ताऱ्यांवर फोकस होतो त्या जागेपेक्षा जेमतेम १ मिमी बाहेर येते, ५० मीटरवरच्या खिडकीसाठी १ सेंटीमीटर, आणि १० मीटरवरच्या झाडासाठी ५ सेंटीमीटरहून जास्त. एवढी नळी अनेकदा पुरतच नाही.

पुढचे मोठे झाकण पूर्ण काढा, त्यातली छोटी टोपी नव्हे. फोकसरमध्ये डायगोनल, डायगोनलमध्ये २५ मिमीची नेत्रिका बसवा आणि दोन्हींचे स्क्रू आवळा. डायगोनल गाळून नेत्रिका थेट लावली तर प्रकाशाचा मार्ग सुमारे ७ सेंटीमीटरने कमी होतो. मग नळी पूर्ण बाहेर काढूनही चित्र स्पष्ट होत नाही. फोकसरचा लॉक स्क्रू मात्र सैल हवा. तो घट्ट असेल तर नॉब फिरतो, नळी जागची हलत नाही.

आता नळी पूर्ण आत घ्या आणि नॉब हळूहळू फिरवत बाहेर काढा. चित्र स्पष्ट होत जाईल आणि मग पुन्हा बिघडू लागेल. बिघडू लागले की थोडे मागे या. त्या जागी नळीवर पेन्सिलीने बारीक खूण करा. रात्री तिथूनच सुरुवात करायची. फाइंडरही याच टॉवरवर जुळवून घ्या. फोकस नसताना आणि नेम चुकलेला असतानाही रात्री सारखेच काळे दिसते, आणि नेमके काय चुकले ते कळत नाही.

रात्री आधी चंद्र, शक्यतो अष्टमीच्या आसपासचा. उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या कडा बघून फोकस करा. पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्या नसल्याने अंदाज येत नाही. ताऱ्याबाबत मात्र नेहमी गल्लत होते. तारा टिकलीसारखा मोठा गोल दिसला की ‘जवळ आला’ असे वाटते, पण तो फोकसबाहेर असतो. तारा जितका बारीक, तितका फोकस बरोबर. गुरू बघताना त्याच्या काठापेक्षा शेजारच्या चंद्रांचे ठिपके बारीक करा.

नेत्रिका बदलली की फोकस पुन्हा लावावाच लागतो. या दुर्बिणीत अचूक जागेच्या अलीकडे-पलीकडे फक्त ०.१ मिमीची मोकळीक आहे, म्हणून नॉब दोन बोटांनी, केसभर फिरवा. हात काढा, हादरे थांबू द्या, मग बघा. तिपाईचे पाय पूर्ण लांब केले नाहीत तर हादरे बरेच कमी होतात.

२५ मिमीने २८ पट, १० मिमीने ७० पट दिसते. ७० मिमीच्या भिंगाची उपयोगी मर्यादा साधारण १४० पट. १० मिमीला बार्लो लावला की २१० पट होतात. तिथे कितीही नॉब फिरवा, चित्र धूसरच राहणार. बार्लो २५ मिमीलाच लावा, ८४ पट मिळतात. ७० पटीतही गुरू उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या दीडपटीहून थोडाच मोठा दिसतो. तो नेत्रिका भरून टाकत नाही.

फोकस लागूनही चित्र पाण्याखालच्यासारखे हलत असेल तर कारण हवेत आहे. दिवसभर तापलेला स्लॅब, क्षितिजाजवळचा ग्रह, खिडकीची काच. दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवा आणि ग्रह किमान ३० अंश वर येऊ द्या. एसीच्या खोलीतून मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणलेल्या भिंगावर बाष्प धरते. ते पुसू नका, आपोआप उडू द्या. जवळचा किंवा लांबचा नंबर असल्यास चष्मा काढून बघा, फोकसर तो भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवा.

एवढ्यावरही तारा एका बाजूला ओढलेला दिसला तर नेत्रिका जागच्या जागी फिरवा. ओढ तिच्याबरोबर फिरली तर नेत्रिका सदोष आहे. मान तिरकी केल्यावर फिरली तर दोष डोळ्याचा. दोन्ही वेळा ओढ जागची हलली नाही तर डायगोनल किंवा पुढचे भिंग तपासावे लागेल. पुढची रिंग घरी उघडू नका; आतल्या दोन भिंगांची दिशा आणि अंतर बदलले तर दुरुस्ती अवघड होते. दुर्बीण डायगोनल आणि दोन्ही नेत्रिकांसह दुकानात आणा.