गंडभेरुंड आणि पिवळा-लाल झेंडा

कर्नाटकच्या राजमुद्रेतला दोन डोक्यांचा पक्षी महाराष्ट्रातही ओळखीचा आहे, तो केएसआरटीसीच्या, म्हणजे कर्नाटकच्या एसटीच्या गाड्यांमुळे. हा गंडभेरुंड. शरभाशी, म्हणजे शिवाच्या उग्र रूपाशी झुंजताना नरसिंहाने हे रूप घेतलं, अशी कथा सांगतात. त्याचं बळ केवढं, तर विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर त्याने चोचींत आणि नखांत चक्क हत्ती धरलेत! शिमोगा जिल्ह्यात बळ्ळिगावी इथल्या अकराव्या शतकातल्या स्तंभावर त्याला माणसाचं धड आहे.

पुढे तो म्हैसूरच्या वडियारांच्या राजचिन्हात आला. संस्थान गेलं, पण चिन्ह किरकोळ फेरफारांनी राज्य सरकारकडे आलं. लाल ढालीवरचा पांढरा पक्षी आणि दोन्ही बाजूंचे गजकेसरी (धड सिंहाचं, तोंड हत्तीचं) तसेच राहिले. माथ्यावर अशोकस्तंभाचे सिंह चढले. ‘न बिभेति कदाचन’, म्हणजे तो कधीच भीत नाही, हे तैत्तिरीय उपनिषदातलं ब्रीद जाऊन ‘सत्यमेव जयते’ आलं. हत्ती पेलणाऱ्या पक्ष्याला जुनंच ब्रीद जास्त शोभत होतं, असं मला वाटतं.

झेंड्याला असा राजवारसा नाही. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा, हळदी-कुंकवाचा म्हणून ओळखला जाणारा हा झेंडा १९६०च्या दशकात कन्नड चळवळीतले म. राममूर्ती यांनी तयार केला. १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाला म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनी तो चौकाचौकांत, रिक्षांवर फडकतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो राज्यध्वज नव्हे. स्वतःचा अधिकृत ध्वज होता तो जम्मू-काश्मीरला, तोही २०१९ पर्यंतच. सिद्धरामय्या सरकारने २०१७ मध्ये समिती नेमली आणि मार्च २०१८ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, नवा नमुना पुढे ठेवला: मध्ये पांढरा पट्टा, त्यावर राजमुद्रा. म्हणजे राजाचा पक्षी चळवळीच्या झेंड्यावर बसवला. ज्यांनी वर्षानुवर्षं जुना झेंडा खांद्यावर वागवला, त्यातल्या काहींना हा पांढरा पट्टा रुचला नाही. केंद्राची मंजुरी न मिळाल्याने पुढे प्रकरण थंडावलं.

सीमाभागात मात्र या झेंड्याकडे कोणी नुसतं रंग म्हणून पाहत नाही. राज्योत्सवाच्याच दिवशी बेळगावातले मराठी भाषक काळा दिन पाळतात. डिसेंबर २०२० मध्ये महापालिकेसमोर हा झेंडा उभारला गेला, तेव्हा बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने तो हटवण्याची मागणी लावून धरली होती.