रुग्णालयीन हिंसाचार व त्याचा प्रतिबंध

रुग्णालयीन हिंसाचार : डॉक्टर, परिचारिका, परिचर्या विद्यार्थी, कक्षसेवक, आशा कार्यकर्त्या इत्यादींना कामावर असताना होणारी मारहाण, धमकी, शिवीगाळ व लैंगिक छळ, तसेच रुग्णालयाची मोडतोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्यकर्मींवर सेवाकाळात कधी ना कधी शारीरिक हल्ला होतो. पल्ला एवढा रुंद असल्याने हा आकडा जपूनच वापरावा लागतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा आरंभ कोठे धरावा, हा वादाचा मुद्दा आहे. निवासी डॉक्टरांच्या संपांपासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. तथापि प्लेगच्या साथीत, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर (आजचे कस्तुरबा) हल्ला केला होता. त्यामागे परकीय सत्तेवरचा रोष पाहावा की सक्तीच्या विलगीकरणाची व अफवांची धास्ती, हे ठरवणे अवघड आहे. दुसरे कारण अधिक सयुक्तिक वाटते. याच साथीतून ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग अधिनियम आला. त्याच्या मोजक्या कलमांत सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण होते, शुश्रूषा करणाऱ्याला मारापासून नव्हते. ती उणीव एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने व त्याच वर्षीच्या दुरुस्तीने भरून निघाली : ३ महिने ते ५ वर्षे, गंभीर दुखापतीस ६ महिने ते ७ वर्षे कारावास. हे संरक्षण मात्र साथकाळापुरतेच.

हल्लेखोर नेहमी बाहेरचाच असतो असे नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला करणारा तेथीलच सफाई कर्मचारी होता. त्याला चोरी व खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. शानभाग १८ मे २०१५ रोजी वारल्या. हल्ल्यापासून तोवर त्या अचेतनावस्थेत होत्या व त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनीच केली. दयामरणाच्या चर्चेत हे प्रकरण सर्वत्र उद्‌धृत होते, कामाच्या जागेच्या सुरक्षिततेच्या चर्चेत क्वचित.

भारतीय दंडसंहितेचे कलम ३५३ (आता भारतीय न्याय संहिता, कलम १३२) केवळ लोकसेवकाला लागू असल्याने खासगी रुग्णालयातील परिचारिका त्याबाहेर राहत. आरोग्यकर्मी व रुग्णालये यांवरील हिंसाचार रोखण्यासाठीच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या अधिनियमाने हा भेद काढला. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई वेगळी. त्यातील हिंसाचाराच्या व्याख्येचा रोख संस्थेतील कर्तव्यावर आहे. गृहभेटीला जाणाऱ्या आशा कार्यकर्तीचे काय, हा प्रश्न त्यामुळे उरतो.

शिक्षा हल्ल्यानंतर येते. प्रतिबंध वॉर्डाच्या दारापासून सुरू होतो. धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात मार्च २०१७ मध्ये निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभर सामूहिक रजा झाली आणि नातेवाइकांसाठी पास व सुरक्षारक्षक यांवर भर आला. पासावर लिहिलेल्या दोघांमागून दहाजण आत शिरले, तर त्यांना अडवायला रात्रपाळीला बहुधा एकटी अधिपरिचारिकाच (स्टाफ नर्स) असते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात ३ खाटांमागे १ परिचारिका असा आहे. सर्वसाधारण वॉर्डात तो पाळला जाताना क्वचितच दिसतो. ठिणगी बहुधा मृत्यूची वार्ता, थकलेले बिल किंवा न मिळालेली खाट यांवरून पडते. म्हणून अत्यवस्थ रुग्णाची स्थिती वरिष्ठ डॉक्टरांनी वेळोवेळी, बसून, एकाच जबाबदार नातेवाइकाला सांगणे हा उपाय कॅमेऱ्यांहून स्वस्त व परिणामकारक मानावा लागेल. शिवीगाळीची नोंद बहुधा होतच नाही. ‘पेशंटचे नातेवाईक आहेत, सोडून द्या,’ असे म्हणून प्रकरण परिसेविकेच्या (वॉर्डप्रमुख परिचारिकेच्या) टेबलावरच मिटते.

आरोग्यकर्मींवरील हिंसाचार रोखण्यासाठीच्या केंद्रीय कायद्याचा २०१९ चा मसुदा संसदेत मांडला गेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील प्रशिक्षणार्थी डॉक्टरच्या हत्येनंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हल्ल्यानंतर ६ तासांत तक्रार नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली, तर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले.