नेटवर्क कार्ड : जुन्या संगणकांतील जोडणीदोष

जुना संगणक नेटवर्कला जोडला जात नसेल, तेव्हा दोष केबलचा, नेटवर्क कार्डाचा (केबल जिथे जोडली जाते त्या भागाचा), ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) की आयपी पत्त्याचा (नेटवर्कवरील संगणकाच्या क्रमांकाचा), हे एकेक टप्पा तपासून ठरवावे लागते. दुरुस्ती करणारे बरेचदा थेट विंडोज पुन्हा टाकायला घेतात. त्यात दिवस जातो, डेटाही जाण्याची भीती असते आणि मूळ दोष तसाच राहू शकतो.

आधी कार्डाच्या पाठीमागचा लिंकचा दिवा पाहावा. तो पेटत नसेल तर केबल आणि नेटवर्क स्विचचा (अनेक संगणकांच्या केबल जोडायच्या पेटीचा) पोर्ट बदलून बघावा. १०० मेगाबिटच्या कार्डाला केबलमधील आठपैकी चारच तारा लागतात (१, २, ३ व ६), गिगाबिटला आठही. म्हणून नव्या गिगाबिट संगणकावर त्रास देणारी केबल जुन्यावर बिनतक्रार चालू शकते. दिवा पेटतो, पण आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, याचा अर्थ राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि विंडोजने स्वतःच एक घेतला आहे.

आयसा स्लॉटमधील (मदरबोर्डवरील जुन्या पद्धतीच्या खाचेतील) कार्डांची अडचण वेगळी. एनई२००० या जुन्या जातीच्या कार्डांवर आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याच्या मार्गाचा क्रमांक) बहुधा ३ ठेवलेला असे, आणि तोच कॉम-२ या सिरियल पोर्टचाही असतो. दोघे एका वेळी चालत नाहीत. जंपर (कार्डावरील पिना जोडणारी छोटी टोपी) हलवून कार्डाला मोकळा आयआरक्यू द्यावा किंवा बायोसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) कॉम-२ बंद करावा.

सर्वांत फसवा दोष डुप्लेक्सचा, म्हणजे डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी (‘फुल’) जावा की आळीपाळीने (‘हाफ’), या सेटिंगचा. एका टोकाला ‘फुल’ सक्तीने लावलेले आणि दुसरे टोक ‘ऑटो’वर (आपोआप ठरवण्यावर) असेल, तर ऑटोवाले टोक ‘हाफ’वर उतरते. पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित येतो, दिवा पेटलेला असतो, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वेग पार कोसळतो. उपाय सोपा आहे : दोन्ही टोके ऑटोवर, किंवा दोन्ही एकाच सक्तीच्या सेटिंगवर.

मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात आणि ‘नेट बंद आहे’ अशी तक्रार येते. सेल बदलून तारीख नीट लावावी. विंडोज एक्सपीसोबत आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररला मात्र टीएलएस १.२ (सुरक्षित संकेतस्थळांशी जोडणीची पद्धत) येत नाही. तारीख बरोबर असूनही अनेक संकेतस्थळे त्यावर उघडत नाहीत, आणि नवे कार्ड घालून त्यात फरक पडत नाही.