सेन्सू : प्रवासाची आठवण म्हणून जपलेले जपानी घडीचे पंखे

बांबूच्या बारीक काड्यांवर कागद बसवून केलेल्या, मिटता-उघडता येणाऱ्या जपानी पंख्याला ‘सेन्सू’ किंवा ‘ओगी’ म्हणतात. हा प्रकार जपानमध्ये हेआन काळात (७९४–११८५) रूढ झाला. आरंभीचे पंखे हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाच्या पातळ पट्ट्या दोऱ्याने ओवून केलेले असत. कागदी पंखे नंतर आले.

एदो काळात (१६०३–१८६८) प्रवास वाढला आणि कंबरपट्ट्यात सहज खोचता येणारा पंखा वाटेवरचा सोबती ठरला. एदो (आजचे टोकियो) ते क्योतो हा ५३ टप्प्यांचा तोकाइदो रस्ता पायी चालायला साधारण दोन आठवडे लागत. १६९१ व १६९२ मध्ये नागासाकीहून एदोला गेलेला जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्पफर याने नोंदवले आहे की, प्रवासी लोक रस्ते छापलेले पंखे वापरत आणि त्यांवर अंतरे, उतरण्याच्या खानावळी व अन्नाचे दरही दिलेले असत. पंख्याच्या अरुंद कमानीत खऱ्या दिशा राखणे शक्यच नसते. तरीही चालणाऱ्याला पुढचा मुक्काम किती दूर आहे एवढे कळले की पुरे. वाट दाखवणारी अशी वस्तू प्रवास संपल्यावर जपून ठेवावीशी वाटणे स्वाभाविकच आहे. घरच्यांसाठी नेण्याच्या भेटीला ‘मियागे’ म्हणत. कोम्पिरा देवस्थानाचे यात्रेकरू मारुगामे येथील ‘उचिवा’ आणत. पण तो घडीचा नव्हे, आपल्या विंझण्यासारखा ताठ पंखा.

पंख्याची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून मधला थर उकलतात, जाड कागदाच्या दोन साच्यांत धरून घड्या पाडतात आणि मग कारागीर घडीच्या फटींत तोंडाने फुंकर मारून काड्या शिरण्यापुरती जागा मोकळी करतो. काड्या जिथे एकत्र येतात त्या खिळ्याला ‘कानामे’ म्हणतात; याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘मर्म’ असा आहे. खिळा ढिला झाला की सगळा पंखा विस्कटतो, म्हणून हे नाव फार समर्पक वाटते.

१८५९ मध्ये योकोहामा बंदर खुले झाल्यावर परदेशी प्रवासी येऊ लागले. त्यांच्यासाठी फुजी पर्वत, देवळे व फुललेले चेरीवृक्ष रंगवलेले पंखे होऊ लागले. लाखेचे आणि हस्तिदंताचे महागडे नगही निघाले. यांतील पुष्कळ पंखे केवळ निर्यातीसाठी केलेले असल्याने जुनेपणावरून त्यांचा दर्जा ठरवू नये.

जुना पंखा प्रथम घडीवरच फाटतो, कारण उघडताना व मिटताना सारा ताण तिथेच येतो. चांगली चित्रे वाचवण्यासाठी काड्या काढून कागद पडद्यांवर वा वह्यांत चिकटवण्याची प्रथा जपानमध्ये जुनीच आहे. अशा चित्रावर किरणांसारख्या पसरलेल्या घड्यांच्या रेघा दिसल्या, तर ते चित्र एके काळी खरोखर कुणाच्या तरी हातात वारा घालत होते हे ओळखता येते.