सी. टी. स्टडचा नाबाद शून्य: एका पराभवाची पार्श्वभूमी

29 ऑगस्ट 1882. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायला अवघ्या 85 धावा हव्या होत्या. 2 बाद 51 पर्यंत सामना इंग्लंडच्या हातात होता. मग डब्ल्यू. जी. ग्रेस 32 वर बाद झाला, धावा आटल्या, लागोपाठ 12 षटके (तेव्हा इंग्लंडमध्ये षटक चार चेंडूंचे असे) निर्धाव गेली. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज फ्रेड स्पॉफर्थने एका बाजूने डाव कुरतडला आणि धावफलक 8 बाद 75 वर आला. जिंकायला 10 धावा बाकी असताना दहाव्या क्रमांकावर चार्ल्स थॉमस स्टड खेळायला उतरला.

खरे तर हा तळाचा फलंदाज नव्हेच. त्याच मोसमात त्याने याच ऑस्ट्रेलियन पाहुण्यांविरुद्ध केंब्रिज विद्यापीठाकडून 118 आणि एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) कडून 114 धावा केल्या होत्या. कर्णधार हॉर्नबीने त्याला इतका खाली का ठेवला, यावर तेव्हापासून वाद आहे. स्टड एका टोकाला उभा राहिला, दुसऱ्या टोकाला बॉइलने बार्न्सला बाद केले आणि अखेरचा फलंदाज पीट आला. त्याने एका फटक्यात दोन धावा काढल्या आणि पुढचा मोठा फटका मारायला जाऊन तो त्रिफळाचित झाला. ‘मिस्टर स्टडवर माझा भरवसा नव्हता,’ असे तो म्हणाल्याचे सांगतात. इंग्लंड सर्वबाद 77, पराभव 7 धावांनी. स्टड एकही चेंडू न खेळता नाबाद 0. ‘स्पोर्टिंग टाइम्स’ने इंग्लिश क्रिकेटच्या मृत्यूची थट्टेची बातमी छापली ती याच सामन्यावर, आणि ‘ॲशेस’ (राख) हे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचे नाव तिथूनच आले.

प्रवचनांत आणि युवक-शिबिरांत ही गोष्ट बहुधा पुढे अशी सांगितली जाते: स्टड हरला, त्याला जगाची व्यर्थता कळली, तो मिशनरी झाला. तारखा पाहिल्या की ही मांडणी टिकत नाही. त्याचे वडील एडवर्ड स्टड यांनी बिहारमधील तिरहूतच्या निळीच्या व्यवसायात पैसा केला होता. 1870 च्या दशकात अमेरिकन सुवार्तिक डी. एल. मूडींच्या सभांत त्यांचा पालट झाला आणि त्यांनी शर्यतीचे घोडे विकून टाकले. 1878 मध्ये चार्ल्ससह तिघा भावांनी ख्रिस्ताला जीवन दिले. म्हणजे ओव्हलवर उतरलेला तरुण विश्वासणाराच होता. पुढे त्याने स्वतःच सांगितले, की त्या वर्षांत आपण विश्वास स्वतःपुरता ठेवला आणि प्रीती थंड होत गेली. पराभवानंतर काही आठवड्यांतच तो आयव्हो ब्लायच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेला. त्या संघाने मर्डॉकच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्धची तीन कसोटींची मालिका 2-1 ने जिंकली. 1883 मध्ये तो केंब्रिजचा कर्णधार झाला. 1882 आणि 1883 या दोन्ही मोसमांत त्याने हजारावर धावा केल्या आणि शंभरावर बळी घेतले. ओव्हलची जखम क्रिकेटनेच भरून काढली होती, आणि हेच लक्षात घेण्याजोगे आहे.

पालट झाला तो भावामुळे. 1883-84 च्या हिवाळ्यात जॉर्ज स्टड मरणाच्या दारी पोचला. तोही कसोटीपटू, केंब्रिजचा 1882 चा कर्णधार. त्या खाटेशेजारी बसून चार्ल्सला प्रश्न पडला, की या घडीला नावलौकिक कशाच्या उपयोगाचा? जॉर्ज बरा झाला. चार्ल्स मूडींच्या सभांना जाऊ लागला, संघातल्या मित्रांना नेऊ लागला. 5 फेब्रुवारी 1885 रोजी ‘केंब्रिज सेव्हन’ म्हणून गाजलेल्या सात तरुणांपैकी एक म्हणून तो चीनमधील चायना इनलँड मिशनच्या कामासाठी जहाजावर चढला. कीर्ती हातची गेली म्हणून त्याने ती सोडली नाही, शिखरावर असताना सोडली. या गोष्टीला वजन आहे ते त्यामुळे.

वडिलांचा वारसा हाती आला तेव्हा 13 जानेवारी 1887 रोजी त्याने तो चेक लिहून वाटून टाकला. मूडी आणि ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर यांना प्रत्येकी 5000 पौंड गेले. तेवढीच रक्कम फ्रेडरिक बूथ-टकर यांच्याकडे, मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी) भारतातील कामासाठी. हे काम टकर यांनी मुंबईत 19 सप्टेंबर 1882 रोजी, ओव्हलनंतर तीनच आठवड्यांनी सुरू केले होते. पुढे 1900 ते 1906 स्टड उटकमंडच्या (ऊटी) युनियन चर्चचा पाळक होता. 1913 मध्ये तो बेल्जियन काँगोत गेला आणि 1931 मध्ये इबांबी येथे वारला.

खेळातल्या हारजितीकडे पाहायची ही दृष्टी फार जुनी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 9व्या अध्यायात पौल शर्यतीचे उदाहरण देतो, कारण करिंथजवळच इस्थमियन खेळ, म्हणजे ग्रीकांच्या मोठ्या स्पर्धा, दर दोन वर्षांनी भरत. विजेत्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट, सेलरीचा किंवा पाइनचा. दुसरा आलेल्याला काहीच नाही. पौल त्याला नाशवंत मुकुट म्हणतो आणि त्याच्यासमोर अविनाशी मुकुट ठेवतो. हा उतारा ‘जिंकण्यासाठी धावा’ एवढ्यावर तोडला, की त्याचा अर्थच उलटतो. एकोणिसाव्या शतकातल्या ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’त हेच अनेकदा झाले. चार्ल्स किंग्जली आणि टॉमस ह्यूज यांच्या वळणाच्या त्या विचारात बळकट शरीर, शिस्त, मर्दुमकी यांना मोठे स्थान मिळाले, आणि जो जिंकतो त्याच्यावर देवाची कृपा, असा समज सहज मागच्या दाराने आत आला. पराभवासाठी त्या चौकटीत जागा फारशी उरली नाही. हरलेल्या संघाला आजही ‘देवाने तुम्हांला शिकवण्यासाठी हरवले’ असे कुणी सांगतो, तेव्हा तोच समज दुसऱ्या बाजूने बोलत असतो. स्टडच्या चरित्रात अशा हिशेबाला आधार नाही. ओव्हलची हार त्याला देवाने का दिली याचे उत्तर त्यात नाही. मुकुट कशाचा आहे, हे मात्र त्याने हरण्याआधी आणि जिंकल्यानंतर दोन्ही वेळा विसरून पुन्हा ओळखले.

19 जुलै 1908 रोजी हाच उतारा लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुढे आला. लंडन ऑलिंपिकमध्ये रस्सीखेचीवरून इंग्लंड-अमेरिका वाद पेटला होता. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेसाठी आलेले मध्य पेनसिल्व्हेनियाचे बिशप एथेलबर्ट टॅलबट यांनी उपदेशात सांगितले, की खेळ हे शर्यतीपेक्षा आणि बक्षिसापेक्षा मोठे आहेत. बक्षीस किती क्षुल्लक आहे हे पौलाने सांगितलेच आहे, आणि मुकुट एकाच्याच डोक्यावर असला तरी स्पर्धेचा आनंद सगळ्यांचा आहे. पाच दिवसांनी एका मेजवानीत आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक कुबेर्तां यांनी टॅलबट यांचा हवाला देऊन, जिंकण्यापेक्षा भाग घेणे महत्त्वाचे, असा त्याचा सारांश सांगितला. 1932 मध्ये लॉस एंजेलिसच्या धावफलकावर झळकला तो हा सारांश. उपदेशातला अविनाशी मुकुट त्यात नव्हता.